मैदानावरील महाजनकी

आपल्या देवस्थानांची महाजनकी बहुधा वंशपरंपरेने चालते. गोव्यात 1933 च्या देवस्थान कायद्याने ती नियमबद्ध केली. देवाची मिळकत सांभाळणारी घराणी ठरलेली असावीत, यात काही अर्थ तरी आहे. परंतु तशीच महाजनकी फुटबॉलच्या मैदानावर पैसे मोजून मिळावी, हे कोणत्या न्यायात बसते, असा आमचा सवाल आहे.

2014 साली आठ संघांनिशी इंडियन सुपर लीग सुरू झाली. तीत जागा मिळे ती विजयाने नव्हे, शुल्क भरून. आणि कितीही सामने हरले तरी ती जाण्याचे भय नसे. आय-लीगची रीत निराळी होती. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो क्लब 2015 मध्ये दुसऱ्या श्रेणीत उतरला. 2016 मध्ये ती श्रेणी जिंकून त्याने वर येण्याचा हक्क मिळविला. पण त्याच वर्षी आय-लीगलाच दुय्यम ठरवून तिचे वरचे दार बंद ठेवण्याची योजना महासंघाने पुढे आणली. तेव्हा धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही बाहेर पडले.

2019 मध्ये आय-लीग रीतसर दुय्यम झाली. बदल्यात दोन वचने मिळाली: 2022-23 पासून तिचा विजेता वर चढेल आणि 2024-25 पासून वरचा तळाचा संघ खाली उतरेल. पहिले वचन पाळले गेले. 2023 मध्ये पंजाब आणि 2024 मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग वर गेले. दुसऱ्याचे काय झाले? 2024-25 चा मोसम संपला, तळाचा संघ मात्र जागच्या जागी राहिला.

कोणी म्हणतील, कोट्यवधी रुपये ओतणाऱ्यांना स्थैर्य नको काय? धेंपोनेही दशकानुदशके पदरचा पैसा घातला होता. नियमापुढे तो चालला नाही, आणि तेच योग्य होते. करारातील सोयीचे कलम घ्यावे व गैरसोयीचे टाळावे, हे कोणतेही न्यायासन मान्य करणार नाही.

म्हणून आमची मागणी एवढीच: उतरण्याचा नियम मोसमाच्या आरंभीच जाहीर व्हावा आणि मोसमाअखेर तो निरपवाद पाळला जावा. देवळातील मान वारसाने मिळो; मैदानावरील मान खेळूनच मिळाला पाहिजे.