औषधांची मक्तेदारी आणि आजारी मुले

मेंदूत गाठ झालेल्या मुलाच्या आईबापांपुढे आजवर तीनच मार्ग असत : शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार. गाठ नाजूक जागी असली की शल्यविशारदाचे हात बांधले जात; वाढत्या मेंदूवर किरणांचा मारा केला तर बुद्धीची हानी होई. आता चौथा मार्ग उघडला आहे. मंदगतीने वाढणाऱ्या काही गाठींत 'बीआरएएफ' या जनुकात बिघाड असतो आणि पेशींना वाढीचा हुकूम अखंड मिळत राहतो. डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब ही औषधे नेमका तो हुकूम अडवतात. हा बिघाड असलेल्या मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या औषधांनी शेकडा ४७ मुलांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या, जुन्या रसायनोपचाराने शेकडा ११ मुलांच्या.

त्या जुन्या उपचारातील एक औषध व्हिन्क्रिस्टिन. सदाफुलीपासून मिळणारे हे औषध देशात तयार करण्याची पद्धत पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. ए. व्ही. रामाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसविली. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने १९५० च्या दशकात पेनिसिलिन केले, त्यामागेही औषध ही समाजाची गरज आहे हीच दृष्टी होती. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरील मक्ता नाकारून केवळ ते बनविण्याच्या कृतीवरील मक्ता मान्य केला. २००५ मध्ये जागतिक व्यापार कराराच्या नावाखाली ही ढाल टाकून देण्यात आली. पुढे २०१६ मध्ये केंद्र सरकारने पिंपरीच्या कारखान्याची जमीन विकण्याचे ठरविले.

रुग्ण थोडे, संशोधनाचा खर्च मोठा, म्हणून किंमत चढी, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. खर्च खरा आहे. परंतु तो एकेका कुटुंबाच्या घरादारावर वसूल करावा, हा न्याय नव्हे. शिवाय कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद आजही आहे. २०१२ मध्ये ती वापरताच सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधाची मासिक किंमत सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आली. त्यानंतर हे शस्त्र म्यानातच गंजत आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. जनुकाची चाचणी शासकीय रुग्णालयांत मोफत व्हावी. ही औषधे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निःसंदिग्धपणे मिळावीत. पेटंटच्या आड दर चढे राहतील तेथे सक्तीचा परवाना देऊन सार्वजनिक क्षेत्राने उत्पादन हाती घ्यावे. रुग्णांची संख्या अल्प असल्याने त्यांचा मोर्चा निघणार नाही. तो काढणे हे पुण्यातील कार्यकर्त्यांचे काम आहे.