एमआरआयची तारीख जवळ आली की…

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्या माणसाच्या कॅलेंडरवर सणवारांबरोबर आणखी एक तारीख असते, एमआरआयची. काही त्रास नसला तरी बहुतेकांना साधारण वर्षातून एकदा ही वारी करावी लागते. घरचे म्हणतात, "बरी दिसतेस की, मग कशाला खर्च?" प्रश्न चुकीचा नाही. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. विजेच्या वायरीवरचं प्लास्टिक खरवडलं जावं, तसं काहीसं. पण प्रत्येक हल्ला आपल्याला कळतोच असं नाही. जाणवणाऱ्या अटॅकपेक्षा गुपचूप येणारे, फक्त स्कॅनवर दिसणारे नवे डाग जास्त असतात. चालू औषध लागू पडतंय की बदलायला हवं, हे ठरवायला डॉक्टरांना तेच बघायचं असतं. बरं वाटत असताना स्कॅन करायचा तो एवढ्यासाठी.

नवं औषध सुरू केलं असेल, तर डॉक्टर बहुधा तीन ते सहा महिन्यांनी एक स्कॅन सांगतात. त्यात नवा डाग दिसला की आपण लगेच म्हणतो, औषध फसलं. तसं नसतं. औषधाचा परिणाम सुरू व्हायला वेळ लागतो, आणि तो डाग त्या मधल्या दिवसांतला असू शकतो. हा स्कॅन पुढच्या तुलनेसाठी नवी सुरुवात म्हणून काढलेला असतो. ही एक गोष्ट माहीत असली तरी बरीच रडारड वाचते.

आता तयारी. शक्य असेल तर दर वेळी त्याच सेंटरला, त्याच मशीनवर स्कॅन करा. मशीन 1.5 टेस्लाचं असतं किंवा 3 टेस्लाचं. मशीन बदललं की जुन्या-नव्याची तुलना अवघड होते. बदली होऊन पुण्याहून हैदराबादला किंवा इंदूरहून बंगळुरूला गेलात, तर जुनी सीडी आणि रिपोर्ट बरोबर न्या. फिल्म पुरेशी नसते, सीडी मागून घ्या. काँट्रास्टचं, म्हणजे गॅडोलिनियमचं इंजेक्शन दर वेळी लागतंच असं नाही. "या वेळी काँट्रास्ट खरंच हवं का?" असं न्यूरॉलॉजिस्टना आधीच विचारा. ते ताज्या सुजेचे डाग उजळवतं, पण नेहमीच्या तपासणीत अनेकदा त्याशिवाय भागतं, आणि बिलही कमी होतं. किडनीचा त्रास असेल, दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर ते न विचारता सांगून टाका.

धातूबद्दल सेंटरवाले विचारतातच, पण आपल्याकडच्या बायकांच्या अंगावर धातू किती जागी असतो याचा त्यांच्या फॉर्मला अंदाज नसतो. जोडवी, नथ, मंगळसूत्र, साडीच्या पिना, केसातले आकडे, ब्लाऊजचे हूक, जरीचे काठ. पुरुषांच्या कमरेचा चांदीचा करगोटा आणि दंडातला ताईत विसरू नका. चुंबक कायम चालूच असतो, स्कॅन सुरू नसतानाही. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल, तर हळकुंड बांधलेला पिवळा दोरा घाला. सासूबाईही खूश आणि मशीनही. पेसमेकर, कानातलं मशीन, जुन्या ऑपरेशनची प्लेट असेल, तर अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा, ऐन वेळी नको.

एमएसवाल्यांची खरी अडचण वेगळीच असते, आणि ती बोलायला लाज वाटते. लघवी. ती रोखून धरणं अनेकांना जमत नाही, आणि मेंदूबरोबर मणक्याचाही स्कॅन असेल तर तासभर पडून राहावं लागतं. दिवसभर पाणी तोडू नका, त्यानं उलट त्रास वाढतो. शेवटच्या दीड-दोन तासांत चहा-कॉफी टाळा, आत जाण्याच्या पाच मिनिटं आधी जाऊन या आणि टेक्निशियनला स्पष्ट सांगा: "मध्ये थांबवावं लागेल कदाचित." गरज असेल तर डायपर घाला. आतल्या माणसांनी यापेक्षा कितीतरी गोष्टी पाहिलेल्या असतात. पाय आखडत असतील तर गुडघ्यांखाली उशी मागा, गार एसीसाठी चादर मागा, आणि आखडण्यावरची गोळी त्या दिवशी किती वाजता घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

बंद जागेची भीती वाटते? डोळे मिटूनच आत जा. आत गेल्यावर मिटायचे नाहीत, आधीच. वर साधा रुमाल टाकला तरी चालतो. हातात दाबायचा फुगा देतात, तो एकदा दाबून बघा, चालतोय याची खात्री झाली की निम्मी भीती जाते. आवाजाचं कारणही समजून घ्या: मशीनमधल्या कॉइलमधून वीज झपाट्याने चालू-बंद होते, आणि चुंबकाच्या क्षेत्रात त्या कॉइल थरथरतात. टकटक, घरघर, मग शांतता. त्या शांततेत तुम्हाला कुणी विसरलेलं नसतं, पुढचा भाग लावणं चालू असतं. "आता हा किती मिनिटांचा?" असं प्रत्येक भागाआधी सांगायला लावा. परमुलखात असाल तर 'हलू नका' आणि 'थांबवा' हे शब्द तिथल्या भाषेत आधी शिकून घ्या. मी आत पाढे म्हणते, एकोणतीसचा हमखास चुकतो आणि वेळ जातो. कुणी स्तोत्र म्हणतं, कुणी मनात पुरणपोळी करतं, डाळ शिजत घालण्यापासून. एवढं करूनही जमत नसेल तर शांत करणारं औषध मिळतं. ते डॉक्टरांनी आधी लिहून द्यायचं असतं, आणि घेतल्यावर स्कूटर चालवायची नसते.

स्कॅनपेक्षा कठीण असतं ते त्यानंतरचं. आजकाल रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी आपल्या फोनवर येतो, बहुधा रात्री साडेनऊला. उघडायचा की नाही, हे तुमचं तुम्ही आधीच ठरवा. उघडणार असाल तर एवढं लक्षात असू द्या की त्यात जुने डागही पुन्हा मोजलेले असतात. 'मल्टिपल लीजन्स' हे शब्द तुमच्या पहिल्या रिपोर्टातही होते. बघायचं ते, मागच्याशी तुलना केली आहे का आणि नवं किंवा वाढलेलं काही लिहिलंय का. तुलनाच केलेली नसेल, तर जुनी सीडी देऊन ती करायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. आणि डागांची संख्या म्हणजे तुमची तब्येत नव्हे. भरपूर डाग असून नोकरी करणारे असतात, आणि मणक्यातला एकच डाग एखाद्याला काठी धरायला लावतो.

नवा डाग निघाला तर? वाईट वाटणारच. पण तो दिसला म्हणूनच औषध बदलायची चर्चा वेळेत होते. भेटीला जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्या: हा डाग कधीचा असावा, औषध बदलायचं का, पुढचा स्कॅन कधी.

घरच्यांसाठी एक विनंती. फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकू नका, आणि "काही होत नाही गं" हे वाक्य त्या आठवड्यापुरतं बाजूला ठेवा. त्यापेक्षा सेंटरबाहेर थांबा, मंगळसूत्र आणि चष्मा सांभाळा, आणि बाहेर आल्यावर चहा कुठे प्यायचा ते ठरवून ठेवा.