शास्त्रज्ञाच्या शब्दाचे मोल

कांजूरमार्गच्या कचराभूमीसाठी महापालिकेने ‘बायोरिॲक्टर’ पद्धत निवडली. कचऱ्यात ओलावा राखून जिवाणूंचे काम वेगाने घडवावे आणि निघणारा वायू गोळा करावा, हे तिचे तत्त्व. परिसरातील रहिवाशांना मात्र परिचय आहे तो दुर्गंधीचा. हवेत कोणते वायू आहेत, ते मोजतात कसे, धोका कोठे सुरू होतो, हे त्यांना मराठीत कोणी सांगावे? पालिका आणि कंत्राटदार या वादातील पक्षकार आहेत. विश्वास बसेल तो तटस्थ शास्त्रज्ञाच्या शब्दावर. १९५८ साली स्थापन झालेली, करदात्यांच्या पैशावर वाढलेली आयआयटी तर शेजारच्या पवईतच आहे.

शास्त्रज्ञांना इच्छाच नसते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे कार्य करीत आहे. दिवंगत जयंत नारळीकरांनी खगोलशास्त्रातील संशोधन सांभाळून मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. परंतु व्यक्तींच्या उत्साहावर व्यवस्था उभी राहत नाही. लोकशिक्षणाचा लाभ सर्वांना आणि श्रम एकट्याचे, अशी सेवा नेहमी अपुरीच पडते, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात. वस्तीतील सभा सहसा मोजली जात नाही.

म्हणून या कामासाठी कामाच्या वेळेतच तास राखावेत, मराठी लेखनास साहाय्य द्यावे, मूल्यमापनात त्याची नोंद घ्यावी. आणि अप्रिय निष्कर्ष सांगणाऱ्याच्या पाठीशी संस्थेने उभे राहावे. या शेवटच्या आधारास खर्च सर्वांत कमी, धैर्य मात्र सर्वांत अधिक लागते.