नमुना कोणाचा, मेहनत कोणाची?

रमजान जवळ आला की शिलाई मशीन असलेल्या घरांतून खडखड वाढते. मुलींचे शरारे, लहानग्यांचे कुर्ते-पायजमे, अम्मीचा अबाया, क्रोशाच्या टोप्या, जानमाजवर भरायची वेलबुट्टी. पूर्वी शेजारच्या आपाकडून जुन्या वर्तमानपत्रावर कापलेला खाका मागून आणायचा आणि काम झाले की परत द्यायचा. आज तोच खाका मोबाइलवर येतो. कोणी फुकट पाठवते, कोणी शंभर-दोनशे रुपयांना विकते. एकदा आला की तो एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये फिरत राहतो. अनेक भगिनी त्यात थोडा बदल करून कपडे शिवतात आणि विकतातही. मग मनात येते, दुसऱ्याच्या नमुन्यावरून शिवलेली वस्तू विकलेली चालते का? ही कमाई साफ आहे ना?

कायद्याचे उत्तर समजायला एक फरक आधी लक्षात घेऊ. खाक्याचा कागद ही एक गोष्ट, शिवण्याची रीत ही दुसरी आणि कपड्यावरची नक्षी ही तिसरी. तिघींचे नियम वेगळे आहेत. बरेचसे वाद या तिन्ही गोष्टी एकच समजल्यामुळे होतात.

रीत सर्वांची

कळीदार कुर्त्याला कळ्या कशा काढायच्या, मुंढ्याचा आकार कसा द्यायचा, गराऱ्याला गुडघ्याशी जोड कसा घ्यायचा, क्रोशाचा खांब कसा विणायचा, यावर कोणाचाही मालकी हक्क नाही. कॉपीराइट कल्पनेला किंवा पद्धतीला मिळत नाही, ती मांडण्याच्या रूपाला मिळतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ साली हिशोबाच्या एका पुस्तकावरून हेच सांगितले होते. पुस्तकाची नक्कल करता येणार नाही, पण त्यात शिकवलेली हिशोबाची पद्धत कोणीही वापरू शकतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात कल्पनेवर कॉपीराइट नसतो हे स्पष्ट केले.

कागदी खाक्यांचा धंदाही जुनाच आहे. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी खाके विकायला काढले. घरोघरी बायकांनी त्यावरून कपडे शिवावेत हाच त्यांचा उपयोग. तेव्हा एखादी रीत शिकून, आपल्या मापाने आपला खाका नव्याने काढून तुम्ही कपडे शिवले आणि विकले, तर कोणाचा कॉपीराइट मोडत नाही.

कागद काढणाऱ्याचा

खाक्याच्या रेषा, सोबतचा मजकूर, पायरीपायरीचे फोटो, क्रोशाचा चौकटींचा तक्ता, हे सारे मात्र १९५७च्या कॉपीराइट कायद्याखाली येते. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. रेखाटन किंवा मजकूर कागदावर उतरला की हक्क तयार झाला. तो निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. खाका फुकट दिला म्हणून हक्कही सोडला असे होत नाही. घरी आलेल्या पाहुण्याला चहा पाजला म्हणजे किटली देऊन टाकली असे थोडेच असते!

स्वतःच्या खासगी वापराला कायद्याच्या कलम ५२ ने मोकळीक दिली आहे. डाउनलोड केलेला खाका छापून आपल्या लेकीचा फ्रॉक शिवला, तर त्यात अडचण नाही. पण विकत घेतलेली फाइल दोनशे जणींच्या ग्रुपमध्ये टाकणे हा खासगी वापर नव्हे. त्या खाक्याच्या झेरॉक्स काढून शिवणवर्गात पैसे घेऊन वाटणे तर नाहीच नाही. इंग्रजीतली कृती मराठीत उतरवून आपल्या नावाने छापणेही चालत नाही, कारण भाषांतराचा हक्कसुद्धा मूळ लेखकाचाच असतो. ती वस्तू स्वतः करून पाहा, आपल्या शब्दांत कृती लिहा, आपले फोटो काढा. ते लेखन तुमचे.

‘वीस टक्के बदलले की आपले होते’ असे पुष्कळदा ऐकू येते. आपल्या कायद्यात अशी टक्केवारी कुठेच नाही. फेरबदल करून नवे रूप देण्याचा हक्कही मूळ निर्मात्याचाच आहे. तक्त्यातल्या दोन ओळी वाढवल्या, फुलाचा रंग बदलला, तरी मूळ रेखाटन ओळखू येत असेल तर ते आपले होत नाही.

खाका घेताना त्यासोबतच्या अटी वाचणेही गरजेचे आहे. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ ही अट मान्य करून खाका विकत घेतला असेल, तर तो एक करार आहे. कॉपीराइट कुठवर पोहोचतो हा वाद बाजूला राहिला, तरी कबूल केलेली अट मोडल्याचा प्रश्न उरतोच. काही खाक्यांवर क्रिएटिव्ह कॉमन्सची अक्षरे असतात. ‘बीवाय’ म्हणजे निर्मात्याचे नाव द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारासाठी नको. ‘एनडी’ म्हणजे बदललेले रूप इतरांना देऊ नका. ‘एसए’ म्हणजे बदल करून वाटलेत तर याच अटींवर वाटा.

नक्षीचा प्रश्न नाजूक

कैरी, बेल, जाळी, आठ कोनांची चांदणी या नक्ष्या पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या आहेत. त्या कोणा एकाच्या नाहीत. पण आज कोणी कैरीवर स्वतःची वेगळी मांडणी करून चित्र काढले असेल, तर ते चित्र तिचे. मुलांच्या कपड्यांवर भरायच्या कार्टूनचेही असेच आहे. ती पात्रे कंपन्यांच्या मालकीची असतात, त्यांवर बहुधा ट्रेडमार्कही असतो.

आपल्या घरांत हा प्रश्न सुलेखनाच्या बाबतीत जास्त येतो. ‘बिस्मिल्लाह’ किंवा एखादी आयत भरतकामात घ्यायची असते. कुराणाच्या शब्दांवर कोणाचा कॉपीराइट असण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु आजच्या एखाद्या खत्तातने ते शब्द विशिष्ट वळणांत गुंफून चित्र तयार केले असेल, तर ते चित्र ही त्याची कलाकृती आहे. ते जसेच्या तसे कापडावर उतरवून विकायचे असेल तर त्याला विचारायला हवे. तेच शब्द तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून भरले तर विचारण्याची गरज नाही.

नावाचाही एक मुद्दा आहे. ‘लखनौ चिकन’ला भौगोलिक उपदर्शन, म्हणजे जीआय, मिळालेले आहे. आपल्या सोलापुरी चादरीलाही ते आहे. मुर्री किंवा फंदा हे चिकनचे टाके शिकून रत्नागिरीत किंवा मालेगावात बसून भरायला कोणी अडवत नाही. पण त्या कुर्त्यावर ‘लखनौ चिकन’ अशी चिठ्ठी लावून विकता येत नाही. ‘चिकनच्या टाक्यांचे हातकाम’ असे खरे ते लिहावे.

तुमचा नमुना कोणी उचलला तर?

आतापर्यंत आपण दुसऱ्याचा हक्क पाहिला. पण आपल्यातल्या कितीतरी भगिनी स्वतः नवे नमुने काढतात, आणि त्यांचे नमुने बाजारातला मोठा दुकानदार सहज उचलतो. तिथे कायद्यातला एक खड्डा ठाऊक हवा.

कॉपीराइट कायद्याचे कलम १५ सांगते की, जे डिझाइन २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता आले असते पण नोंदवले नाही, ते ज्या वस्तूवर वापरले त्या वस्तूच्या ५० पेक्षा जास्त प्रती मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक पद्धतीने काढल्या की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयात ‘रितू कुमार’ या नावाने कपडे विकणाऱ्या रितिका कंपनीने ‘बिबा’विरुद्ध लढवलेला दावा याच कलमावर अडला. एवढ्या मोठ्या कंपनीचे हे झाले, तर घरून काम करणाऱ्या बाईने किती सावध असावे!

डिझाइनची नोंदणी केली तर १० वर्षे संरक्षण मिळते आणि पुढे ५ वर्षे वाढवता येते. मात्र डिझाइन नवे असावे लागते, आणि अर्ज करण्याआधी ते कुठेही प्रसिद्ध झालेले नसावे. हौसेने इन्स्टाग्रामवर आधी फोटो टाकला आणि मग अर्ज केला, तर तो फोटोच आड येऊ शकतो. म्हणून एखादी नक्षी मोठ्या प्रमाणावर छापून किंवा मशीनवर भरून घ्यायचा विचार असेल, तर आधी जाणकाराशी बोला, मग अर्ज करा आणि त्यानंतरच ती जगाला दाखवा.

शिवणाचा कागदी खाका मात्र डिझाइन म्हणून नोंदवताच येत नाही. पुस्तकाची वेष्टने, कॅलेंडरे, शुभेच्छापत्रे यांच्याबरोबर तोही त्या यादीतून वगळलेला आहे. त्याला आधार कॉपीराइटचाच. म्हणजे खाके विकणाऱ्या भगिनीची वाट वेगळी आणि तयार कपडे विकणाऱ्या भगिनीची वाट वेगळी.

एखाद-दुसरा जोडा हाताने शिवून देणाऱ्या भगिनीने या पन्नासच्या आकड्याला घाबरू नये. पण वहीत तारीख घालून आपली रेखाटने जपावीत आणि पहिल्या नगाचा फोटो ठेवावा. उद्या वाद झालाच, तर हा कागद बोलतो.

अमानतीचा हिशोब

कायद्याने पकडले जाऊ की नाही, एवढ्यावर आपला प्रश्न संपत नाही. अशा हक्कांविषयी उलमांमध्ये पूर्वी मतभेद होते. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतला झालेल्या पाचव्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला की लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरचे हक्क शरीअतच्या दृष्टीने संरक्षित आहेत आणि त्यांचे उल्लंघन करणे जायज नाही. खाका काढणारी बाईसुद्धा रात्री जागून मापे जुळवते, दोनदा कापड वाया घालवते आणि मग शंभर रुपये मागते. तिची फाइल फुकट वाटण्यात आपले काही जात नाही असे वाटते, पण तिचे जाते.

विचारणे फार सोपे आहे. ‘बाजी, तुमच्या खाक्यावरून टोप्या विणून विकू का? तुमचे नाव देईन,’ एवढा एक निरोप पुरतो. पुष्कळ जणी आनंदाने हो म्हणतील, एखादी थोडे पैसे मागेल, एखादी नाही म्हणेल. उत्तर जपून ठेवा. नाही आले, तर दुसरा खाका शोधा किंवा स्वतःचा काढा. ग्रुपमध्ये कोणी विचारले तर फाइल न पाठवता ती जिथे मिळते तो पत्ता पाठवा. आणि शिवणवर्ग चालवणाऱ्या भगिनींनी मुलींना मापे घेऊन खाका स्वतः काढायला आधी शिकवावे. एकदा ते हातात बसले, की कोणाच्या कागदावर अवलंबून राहावे लागत नाही.