राजाने दिलेली लोकशाही

2025 च्या मार्चमध्ये काठमांडूच्या रस्त्यांवर ‘राजा परत आणा’ अशी मागणी करणारे मोर्चे निघाले. पक्षांच्या कारभाराला जनता विटली आहे, हे खरे; परंतु त्यावर राजा हा उतारा सुचविणाऱ्यांनी 15 डिसेंबर 1960 हा दिवस आठवावा.

त्या दिवशी राजे महेंद्र यांनी सैन्याच्या बळावर विश्वेश्वरप्रसाद कोइराला यांचे लोकनियुक्त सरकार बरखास्त केले. आपल्याकडील काँग्रेस समाजवादी पक्षात वावरलेल्या या पंतप्रधानांच्या पाठीशी 109 पैकी 74 सदस्य होते. तरीही त्यांना आठ वर्षे तुरुंगात काढावी लागली.

भ्रष्टाचार आणि अव्यवस्था ही कारणे राजाने पुढे केली. संसदीय लोकशाही नेपाळच्या मातीला मानवत नाही, हा सिद्धांतही त्यांना जोडला गेला. प्रश्न मातीचाच होता, पण निराळ्या अर्थाने. दरबारी व सरंजामी घराण्यांकडे असलेल्या बिर्ता जमिनी बहुतांशी करमुक्त होत्या. कोइराला सरकारने 1959 मध्ये बिर्ता रद्द करणारा कायदा केला. ज्यांच्या सवलतींवर घाला आला, त्यांना लोकशाही परकी वाटू लागली यात नवल ते काय?

महेंद्रांनीही 1964 मध्ये जमीन कायदा केला, असे त्यांचे समर्थक सांगतात. केला, हे मान्य. परंतु पक्षांवर बंदी असताना जमीनदाराविरुद्ध कुळाने संघटित तरी कसे व्हावे? हक्क बजावण्याचे साधन काढून घेऊन दिलेला हक्क म्हणजे निव्वळ मेहेरबानी होय.

दोष लोकशाहीवाद्यांचाही होता. 1951 मध्ये संविधान सभेचे आश्वासन मिळाले असता, 1959 मध्ये त्यांनी राजाने बहाल केलेली घटना पत्करली. तिच्यातील आणीबाणीचे अधिकारच महेंद्रांनी वापरले. दात्याने दान परत घेतले, इतकेच! 1 फेब्रुवारी 2005 रोजी ज्ञानेंद्रांनी पुन्हा सारी सत्ता हाती घेतली. अखेर जनआंदोलनाने त्यांना नमविले आणि 28 मे 2008 रोजी निर्वाचित संविधान सभेने राजेशाही संपविली.

नालायक मंत्र्याला पुढच्या निवडणुकीत घरी पाठविता येते. राजाला घरी पाठवायला नेपाळी जनतेला 1960 नंतर 48 वर्षे लागली. पक्ष सुधारण्याचे काम कष्टाचे आहे. म्हणून ते राजाकडे सोपविणे हा शहाणपणा नव्हे, आत्मघात आहे.