दोन मुशी, एकच नोंद का?

कोकण किनाऱ्यावर 'मुशी' किंवा 'मोरी' या एकाच नावाखाली शार्कच्या अनेक जाती विकल्या जातात. मंगळूर-मलप्याची मासळी बंगळूरच्या बाजारात पोहोचते, तेव्हा तुकडे झालेल्या मालाची जात ओळखणे ग्राहकाला जवळजवळ अशक्य असते. बाजाराला हे चालते; मत्स्यव्यवस्थापनाला मात्र चालू नये.

स्पेडनोज शार्क, म्हणजे स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस, आणि मिल्क शार्क, म्हणजे ऱ्हायझोप्रिओनोडॉन ॲक्युटस, या दोन्ही जाती एकाच कुळातील आहेत. पहिलीचे मुस्कट फावड्यासारखे चपटे असते आणि पाठीवरचा पहिला पर बराच मागे असतो. दुसरीच्या तोंडाच्या कोपऱ्यांशी लांब खाचा दिसतात.

खरा फरक जीवनक्रमात आहे. स्पेडनोज साधारण ३५ सें.मी.च्या आसपास प्रौढ होते. तिचे अंडे जेमतेम १ मि.मी.चे असून पिलाचे पोषण नाळेतून होते. सुमारे सहा महिन्यांच्या गर्भकाळानंतर ती एका वेळी दहाहून अधिक पिल्लेही देऊ शकते. मिल्क शार्क ७० ते ८० सें.मी.ला प्रौढ होते, गर्भकाळ सुमारे वर्षभराचा असतो आणि पिल्ले बहुधा दोन ते पाच असतात. म्हणजेच टोपलीतील ४५ सें.मी.च्या दोन मुशींपैकी एक प्रौढ, तर दुसरी काही महिन्यांचे पिलू असते. एकत्रित वजनाच्या नोंदीत हा भेद पुसला जातो आणि मिल्क शार्कची घट स्पेडनोजच्या आवकेमागे झाकली जाते.

१ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी आवश्यक आहेच. परंतु स्पेडनोजची वीण वर्षभर चालते आणि मिल्क शार्कचे पिलू प्रौढ होण्यास दोन महिने पुरत नाहीत. म्हणून बंदीला जातनिहाय किमान आकारमर्यादेची जोड हवी. २०२२ मध्ये या कुळाचा साइट्सच्या परिशिष्ट दोनमध्ये समावेश झाल्याने निर्यातीसाठीही जातनिहाय आकडे लागणार आहेत.

बंदरावरील घाईत असे वर्गीकरण शक्य नाही, हा आक्षेप रास्त वाटतो. परंतु मुस्कट आणि खाचा पाहण्यास क्षणभर पुरतो. विस्तार कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक लिलावाच्या जागीच दाखवावे, मच्छीमार संस्थांनी दोन जातींसाठी दोन टोपल्या ठेवाव्यात आणि जाळ्यात जिवंत सापडलेली मिल्क शार्कची पिल्ले तत्काळ समुद्रात सोडावीत. उद्याची आवक याच पिलांवर अवलंबून आहे.