विश्लेषण : विद्यार्थ्याची संचिका भरायची की वाचायची? भाषा शिक्षकांना कोणते प्रशिक्षण हवे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार गुणांच्या प्रगतीपुस्तकाची जागा ‘समग्र प्रगती पत्रका’ने घ्यायची आहे. या पत्रकातील शेऱ्याला आधार लागतो तो मुलाच्या प्रत्यक्ष कामाचा, म्हणजेच विद्यार्थी संचिकेचा किंवा पोर्टफोलिओचा. मात्र ही संचिका कशी भरायची हे शिक्षकाला सांगणे वेगळे आणि ती कशी वाचायची हे शिकवणे वेगळे. भाषा विषयात हा फरक सर्वाधिक जाणवतो.

पोर्टफोलिओ म्हणजे नेमके काय?

मुलाच्या वर्षभरातील निवडक कामाचा तारखेसह केलेला संग्रह. भाषा विषयात त्यात पहिला कच्चा मसुदा, दुरुस्त केलेला मसुदा, वाचलेल्या पुस्तकांची यादी, पत्र, संवाद आणि आता मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेले प्रकट वाचनही असू शकते. सगळ्या वह्या एका पिशवीत कोंबल्या की पोर्टफोलिओ होत नाही. कोणते काम ठेवायचे हे मुलाने निवडणे, ते का निवडले हे त्याने दोन ओळींत सांगणे आणि शिक्षकाने त्यावर पुढची दिशा देणे, या तीन गोष्टींमुळे तो पोर्टफोलिओ ठरतो.

परीक्षेत न दिसणारे काय दिसते?

समजा, मेळघाटातील कोरकू भाषक मुलीने तिसरीत ‘माझा आई बाजारात गेला’ असे लिहिले. चाचणीत लाल रेघ आणि गुण वजा. पण तिचे तीन महिन्यांचे पाच कागद शेजारी ठेवले, तर चूक प्रत्येक वेळी लिंगाचीच होते आहे, वाक्यरचना आणि शब्दसंपत्ती मात्र वाढते आहे, हे लक्षात येते. कोरकूत नामांचे मराठीसारखे तीन लिंगांत वर्गीकरण नाही. म्हणजे हा निष्काळजीपणा नाही. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांतील अंतर इथे दिसते आहे. उपाय ठरतो तो या निदानानंतर. राज्यात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे. त्यामुळे घरी हिंदी, गुजराती किंवा तेलुगू बोलणाऱ्या शहरी मुलांच्या बाबतीतही हेच लागू पडते.

आताच चर्चा का?

स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन आणि शिक्षकाचे मूल्यमापन या तिन्हींचा समावेश प्रगती पत्रकात असावा, असे धोरण सांगते. शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षाही त्यात आहे. त्यामुळे या तासांत काय शिकवले जाणार, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

राज्याचा आधीचा अनुभव काय सांगतो?

शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केले. महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक आणि संकलित मूल्यमापन सुरू झाले. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय अशी अनेक साधने त्यात होती आणि वर्णनात्मक नोंदीही होत्या. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. ‘स्पष्ट उच्चारात वाचन करतो’ हे एकच वाक्य वर्गातील निम्म्या मुलांपुढे उतरवले जाऊ लागले. यात केवळ शिक्षकाला दोष देऊन चालणार नाही. तपासणीला येणारा अधिकारी रकाने भरले आहेत का हे पाहतो, नोंद त्या मुलाची आहे का हे पाहत नाही, असे चित्र असेल तर रकानेच भरले जाणार.

युरोपात काय घडले?

युरोप परिषदेने २००१ मध्ये ‘युरोपीय भाषा पोर्टफोलिओ’ आणला. त्याचे तीन भाग होते: भाषांचे पारपत्र, भाषा शिकण्याचा प्रवास आणि कामाचे नमुने. २०१० पर्यंत शंभराहून अधिक आराखड्यांना मान्यता मिळाली, तरी बहुतेक देशांत वापर मर्यादितच राहिला. मुलाने स्वतःचे उद्दिष्ट ठरवणे, स्वतःला तपासणे ही शिकवण्याची रीतच बदलल्याशिवाय पोर्टफोलिओ चालत नाही, हा त्यातला धडा. जिथे शिक्षकांना सातत्याने साथ मिळाली, तिथे चित्र वेगळे होते. आयर्लंडमध्ये स्थलांतरित मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी तो वापरला गेला. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझच्या युरोपीय आधुनिक भाषा केंद्राने २००७ मध्ये भावी भाषा शिक्षकांसाठीच स्वतंत्र पोर्टफोलिओ काढला. ज्याने स्वतःच्या शिकण्याची नोंद ठेवली, तोच मुलाला ती ठेवायला शिकवू शकतो, हा त्यामागचा विचार.

पोर्टफोलिओला गुण द्यावेत का?

अमेरिकेतील व्हर्मोंट राज्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लेखन आणि गणिताच्या पोर्टफोलिओंना राज्यभर गुण द्यायला सुरुवात केली. रँड या संशोधन संस्थेने तपासले तेव्हा एकाच कामाला दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांत मोठी तफावत आढळली. दुसरीकडे, रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा मात्र तो लाभ दिसला नाही. अर्थ सरळ आहे. पोर्टफोलिओचा उपयोग मुलांची क्रमवारी लावण्यापेक्षा पुढचे पाऊल ठरवण्यासाठी अधिक होतो.

प्रशिक्षणात काय बदलायला हवे?

पहिले, नमुना प्रपत्राऐवजी मुलांचे खरे लेखन शिक्षकांपुढे ठेवावे. केंद्र स्तरावरील शिक्षण परिषदेत दहा शिक्षकांनी एकच निबंध वाचावा, प्रत्येकाने शेरा लिहावा आणि मग ते ताडून पाहावेत. कोणाला शुद्धलेखन दिसले, कोणाला कल्पना, यावरून निकषांची चर्चा आपोआप सुरू होते.

दुसरे, शेरा लिहिण्याचा सराव. ‘छान’, ‘अक्षर सुधार’ हे शेरे मुलाला पुढे नेत नाहीत. ‘आजीचे वर्णन डोळ्यांपुढे उभे राहिले. आता ती काय बोलली ते तिच्याच शब्दांत लिही’ हा शेरा नेतो.

तिसरे, बी.एड. आणि डी.एल.एड. च्या प्रशिक्षणार्थींनी आंतरवासितेत काढलेल्या पाठांचा, फसलेल्या पाठांसह, स्वतःचा पोर्टफोलिओ ठेवावा. दोन वर्षांच्या बी.एड. मध्ये वीस आठवडे शाळेत घालवायचे असतात, त्यामुळे त्याला पुरेसा वाव आहे.

चौथे, केंद्रप्रमुख आणि अधिकाऱ्यांनाही हेच प्रशिक्षण द्यावे. तपासणारा बदलला नाही, तर तपासले जाणारे बदलत नाही.

पण वेळ कुठून आणायचा?

हा आक्षेप खरा आहे. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येक संचिकेला दहा मिनिटे दिली तरी पाच तास लागतात. त्यात शाळा द्विशिक्षकी आणि सोबत अशैक्षणिक कामे. म्हणून सगळ्यांचे सगळे काम तपासण्याचा अट्टहास सोडावा लागेल. आठवड्याला पाच मुले घेतली तर सहा आठवड्यांत एक फेरी पूर्ण होते आणि वर्षात चार-पाच फेऱ्या होतात. एका सत्रात प्रत्येक मुलाचे तीन-चार कागद पुरेसे आहेत. त्याच वेळी जुन्या नोंदी कमी केल्या नाहीत, तर पोर्टफोलिओ हा आणखी एक रकानाच ठरेल.

डावावर काय लागले आहे?

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत गुंडाळली. महाराष्ट्रातही पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. मूल्यमापनाचा एखादा प्रयोग कागदी कामात बुडाला की परीक्षेची मागणी पुन्हा जोर धरते. त्यात सर्वाधिक नुकसान होते ते घरात शाळेची भाषा नसलेल्या मुलांचे. त्यांची प्रगती एका दिवसाच्या उत्तरपत्रिकेत मावत नाही. समग्र प्रगती पत्रकाचे भवितव्य त्याच्या छपाईवर ठरणार नाही. जूनचा आणि मार्चचा कागद शेजारी ठेवून मुलाशी पाच मिनिटे बोलण्याची तयारी आणि सवड शिक्षकाला मिळते का, यावर ते ठरेल.